सतरा नंबरची बरणी

मी बोलतोय, पण आधी सांगा, ही किल्ली तुमच्याकडे कशी आली? साहेबांनी दिली? असेल. साहेब कुणालाही काहीही देतात. आणि असे माझ्या पाठीमागे उभे राहू नका. समोर या, दाराच्या बाजूला, म्हणजे मला तुमचे हात दिसतील. हं. आता बसा.

मी एक मासा आहे, चपटा. काचेच्या बरणीत, स्पिरिटमध्ये, शेपटीवर उभा. बरणीवर सतरा आकडा आहे. माझे दोन्ही डोळे उजव्या कुशीवर आहेत. डावी कूस पांढरी आणि आंधळी. खोलीच्या मधोमध ही उघडी मांडणी, तिच्या एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला बाईंचं टेबल. माझी उजवी कूस दाराकडे आणि डावी टेबलाकडे. म्हणजे खोलीत कोण आलं, कोण गेलं, ते मला दिसतं. आत येऊन काय केलं ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. एकतीस वर्षं अशी काढून बघा आणि मग मला संशयी म्हणा.

तसा मी जन्मापासून संशयी नव्हतो. माझं अंडं समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगत होतं, मोहरीच्या दाण्याएवढं. आईने अंडी सोडली आणि ती निघून गेली. आमच्यात कुणी मागे वळून बघत नाही. अंड्यातून निघालो तो अगदी सरळमार्गी मासा होतो. एक डोळा डावीकडे, एक उजवीकडे, पाठ वर, पोट खाली. दोन्हीकडचं दिसायचं. काय दिवस होते ते!

मग एके दिवशी डावा डोळा जागचा हलला. आधी वाटलं, भास असेल. पण रोज थोडा थोडा वर सरकत होता. डोक्याची हाडं वाकून त्याला वाट करून देत होती, म्हणजे तीही सामील. मला कुणी विचारलं नाही. पहिला दगा मला माझ्याच डोळ्याने दिला. आता तुम्हीच सांगा, परक्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

आमच्या दूरच्या भाऊबंदांमध्ये हा डोळा डोकं ओलांडून पार पलीकडे जातो आणि दुसऱ्या डोळ्याच्या शेजारी ऐसपैस बसतो. माझा मात्र डोक्याच्या कडेवर येऊन थांबला. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. त्या डोळ्याला या खोलीचं छत दिसतं. बाई टेबलापाशी उभ्या राहिल्या की त्यांच्या केसांत खोचलेली पेन्सिल दिसायची. टेबलाकडचं मला तेवढंच दिसलं.

डोळा सरकला तसा मी आडवा झालो आणि तळाला लागलो. डोळ्यांची कूस वर, तिचा रंग वाळूचा. आंधळी कूस खाली. अंगावर वाळू ओढून घ्यायची, फक्त डोळे बाहेर ठेवायचे आणि वाट बघायची. आमच्या कुळाचं तोंड मोठं, दात सुयांसारखे. लहान मासा जवळून गेला की उसळी मारून गिळायचा. आता जो स्वतः वाळूत दडून दुसऱ्याला गिळतो, त्याला वाळूचा प्रत्येक उंचवटा म्हणजे दडलेला वैरीच वाटणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी एका जागी कधी दोनदा झोपलो नाही. तरी सापडलो, कारण जाळं तळ खरवडत मागून आलं.

बंदरावर आम्हाला टोपल्यांत ओतलं. तिथे एक चष्मेवाले गृहस्थ उकिडवे बसून माशांची तोंडं उघडून बघत होते. ते सर. या प्राणिशास्त्र विभागाचे मोठे प्राध्यापक. त्यांच्या मागे हातात बादली घेऊन, नाकाला रुमाल लावून एक दुसरे गृहस्थ उभे. ते सरांच्या बायकोचे भाऊ, चित्रकार. सरांच्या मुलांचे ते मामा, म्हणून सगळा विभागच त्यांना मामा म्हणायचा.

सरांनी मला शेपटीला धरून उचललं. "मामा, हा बघा! पाठीवरचा पर डोळ्यापर्यंत येतच नाही, मागेच सुरू होतो. आणि पुढचे काटे कसे टोचतायत. जुनं कुळ आहे हे, सगळ्या चपट्यांत जुनं!"

"वासही जुनाच आहे," मामा म्हणाले.

मला तेव्हाच कळलं की या माणसाशी आपलं जमायचं नाही.

कुळ म्हणजे काय ते मला या खोलीत कळलं. सर मुलांना इथेच उभं करून शिकवायचे. सगळ्या चपट्या माशांचा मिळून एक गण. गणात कुळं, कुळात प्रजाती, प्रजातीत जाती. चपटा मासा हातात आला की पहिला प्रश्न, डोळे कुठल्या बाजूला? काही कुळं डावी, त्यांच्यातल्या बहुतेक सगळ्यांचे डोळे डाव्या कुशीवर. काही कुळं उजवी. एखादाच कुणी आडमुठा उलटा निघतो. "आणि या जुन्या कुळाला," सर माझ्या बरणीवर टिचकी मारून म्हणायचे, "हा प्रश्न विचारायचाच नाही. यांच्यात निम्मे डावे, निम्मे उजवे. सख्ख्या भावाभावांचंसुद्धा एकमत नाही." मुलं हसायची. हसणारी तोंडं मी नीट बघून ठेवली आहेत.

या खोलीत आमच्या कुळातले दोघेच, मी आणि सोळा नंबर. तो डावा आहे. त्याची डोळ्यांची कूस टेबलाकडे असल्यामुळे त्याला तिकडचं सगळं दिसतं, पण तो एक अक्षर बोलत नाही. मला त्याचाही संशय आहे.

आता बाईंबद्दल. बरण्या सांभाळणं हे त्यांचं काम. मी आलो तेव्हा त्यांना लागून दोनच वर्षं झाली होती. महिन्यातून एकदा प्रत्येक बरणी खाली घ्यायची, झाकण उघडायचं, स्पिरिट उडून किती खाली गेलंय ते बघायचं, भर घालायची, झाकणाच्या कडेला व्हॅसलिन फासून पुन्हा घट्ट लावायचं. आतली चिठ्ठी वाचता येते का ते बघायचं. दोनशे चौदा बरण्या. आणि हे करताना त्या बोलायच्या. "काय सतरा, बरं आहे ना? शेपूट का वाकडी केलीस? थांब, नीट करते."

मी म्हणायचो, मेलेल्या माशाला बरं आहे का विचारणारी बाई, हिच्या मनात काहीतरी असणारच. गोड बोलून काय काढून घ्यायचंय हिला माझ्याकडून? माझ्याकडे आहे काय, काटे आणि कातडी!

मी आलो त्याच वर्षी सरांनी चपट्या माशांवरचं मोठं पुस्तक लिहायला घेतलं आणि चित्रं काढायला मामा या खोलीत बसू लागले. माझी पाळी आली तेव्हा मला बरणीतून काढून ट्रेमध्ये निजवलं. डोळे छताकडे. मामांचा चेहरा माझ्यावर ओणवा. एक डोळा मिटून, जीभ दातांत धरून ते माझा एकेक खवला मोजायचे. तीन दिवस हे चाललं. एवढं निरखून कुणी बघितलं की मला घाम फुटल्यासारखं व्हायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा माझ्यावरून उठून नजरेआड झाले होते, तेवढ्यात माझ्या पाठीमागे, टेबलापाशी, खळ्ळकन काच फुटली. माझी रिकामी बरणी तिथे ठेवलेली होती, हे मला ठाऊक होतं. मग बाईंचा आवाज, अगदी हलका.

"हलू नका, काचा आहेत."

"आता सरांना..."

"कुणाला काही सांगू नका. मी बघते."

झाडूचा आवाज. काचा गोळा केल्याचा आवाज. मग पेन्सिलची खरखर. संध्याकाळी मी नव्या बरणीत होतो आणि आत नवी चिठ्ठी होती, बाईंच्या अक्षरातली. सरांनी लिहिलेली जुनी चिठ्ठी काचांत चिंधड्या होऊन गेली होती.

मी दोन आणि दोन चार केले. बाईंनी बरणी फोडली, चिठ्ठीची वाट लावली आणि मामांना गप्प बसवलं. त्या दिवसापासून मनात पाल चुकचुकत राहिली. त्या "काय सतरा" म्हणाल्या की मी मनात म्हणायचो, मला माहीत आहे तुमचं, बाई. एकतीस वर्षं हेच म्हणत आलो.

पुस्तक छापून आलं त्याच्या आधी महिनाभर सर गेले. मग त्या पुस्तकाला हात लावायची कुणाची छाती होईना. विभाग चालवणाऱ्या साहेबांच्या खोलीत, काचेच्या कपाटात, कुलुपात ते बसलं. त्याच्यापुढे येताना लोक आवाज खाली आणायचे. वाचत मात्र कुणी नव्हतं.

आणि मग या वर्षी एक मॅडम आल्या. तरुण, चटपटीत, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. गावोगावच्या अशा खोल्यांमधून आमच्या जुन्या कुळातले किती डावे आणि किती उजवे, याची मोजदाद करत त्या फिरत होत्या. माणसांना काय काय उद्योग असतात बघा! सरांच्या पुस्तकातल्या माझ्या पानाची झेरॉक्स त्यांच्या हातात होती, आणि पुस्तकातल्या डाव्या-उजव्यांच्या यादीची. त्यांनी झेरॉक्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा झेरॉक्सकडे.

"बाई, सतरा नंबर हाच का?"

"हाच."

"पण पुस्तकात सतरा नंबर डावा आहे. चित्रातही डावा आणि यादीतही. हा तर उजवा!"

"हा पहिल्यापासून उजवाच आहे, मॅडम."

"म्हणजे सरांचं पुस्तक चुकलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

या इमारतीत सरांचं पुस्तक चुकलं असं कुणी म्हणत नाही. मॅडमनी बरणी उचलून उजेडात धरली. "काच इतरांपेक्षा नवी आहे. चिठ्ठी तुमच्या अक्षरातली. मूळ मासा कुठे गेला, बाई?"

खरं सांगतो, क्षणभर माझाच माझ्यावर संशय आला. मी मीच ना? पुस्तक खोटं कसं बोलेल? कदाचित मी झोपेत असताना दुसराच कुणी झालो असेन.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. बाईंनी सरांचा मासा हरवला आणि बाजारातून दुसरा आणून बरणीत घातला, असं जो तो म्हणू लागला. काल पहिल्यांदा या मजल्यावर आलेलाही छातीठोक सांगायचा, मला आधीपासूनच वाटत होतं. साहेबांनी बाईंकडून किल्ली काढून घेतली. चौकशी होईपर्यंत बाहेर बाकावर बसा म्हणाले. मॅडम दार उघडं ठेवून काम करायच्या, त्यामुळे मला बाक दिसायचा. बाई मांडीवर पिशवी घेऊन सरळ बसलेल्या असायच्या. त्यांना येता-जाता रोज बघितलं होतं, अशा रिकाम्या हातांनी बसलेल्या कधी नाही. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. येणारा-जाणारा त्यांच्या पिशवीकडे बघून पुढे जायचा.

मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, नाही वाटलं. मासा बदलल्याचा आळ खोटा होता हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पण बरणी फोडून लपवली ना? मग भोगा, असं मी म्हणालो.

चौथ्या दिवशी चौकशी झाली, इथेच, माझ्या समोर. साहेब खुर्चीत, मॅडम उभ्या, बाई दाराशी. साक्षीला मामांना बोलावलं होतं. मामा आता थकलेत, हातात काठी. त्यांनी चष्मा पुसून माझ्याकडे बघितलं.

"हा नव्हे," ते म्हणाले. "मी खवला न् खवला मोजून काढलाय. माझ्या चित्रातला मासा डावा आहे. माझं चित्र चुकत नाही."

"बरणी बदलली तेव्हा तुम्ही इथे होतात का?" साहेबांनी विचारलं.

मामांनी काठीच्या मुठीकडे बघितलं. मग बाईंकडे. मग पुन्हा मुठीकडे. "आठवत नाही बुवा. फार वर्षं झाली."

मला एकदम वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. तीन दिवस माझ्यावर ओणवा होऊन बसलेला माणूस, त्याला काच फुटलेली आठवत नाही?

"बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

"मासा मी बदललेला नाही. मासे बदलायला मी काय मासळी बाजार चालवते?" बाईंचा आवाज चढला आणि मग खाली आला. "बरणी फुटली होती, हे खरं आहे. नवी बरणी मी आणली. चिठ्ठी मी लिहिली."

"कुणी फोडली?"

बाईंनी एकदा मामांकडे बघितलं. "खोली माझ्या ताब्यात होती. मीच फोडली म्हणा."

बघा! मी बरणीत आनंदाने थरथरलो असतो, शक्य असतं तर. एकतीस वर्षांनी कबुली! साहेबांनी मान हलवली आणि समोरचा कागद पुढे ओढला. बाईंना कामावरून काढल्याचं पत्र होतं ते, आधीच टाइप करून आणलेलं.

"सही करायच्या आधी एक करा, साहेब," बाई म्हणाल्या. "ते पुस्तक आणा. झेरॉक्स नको. अख्खं पुस्तक."

साहेब कुरकुरले, पण पुस्तक आलं. पानं एकमेकांना चिकटलेली होती. बाईंनी मांडणीवरून तेवीस नंबरची बरणी काढली. तेवीसपासून एकतीसपर्यंत सगळे उजव्या कुळातले आहेत, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. त्यांनी तेवीसला ट्रेमध्ये निजवलं. पाठ वरच्या अंगाला, डोळे आपल्याकडे.

"मॅडम, याचं तोंड कुठे आलं?"

"उजवीकडे."

"आता पुस्तकात तेवीस नंबर काढा."

मॅडमनी पान उलटलं. "डावीकडे," त्या हळूच म्हणाल्या.

"चोवीस काढा. पंचवीस काढा. एकतीसपर्यंत बघा सगळे." पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. "सगळे डावीकडे तोंड करून आहेत. पाठ वर, डोळे आपल्याकडे आणि तोंड डावीकडे. उजव्या कुळातला मासा तसा निजेल कसा, मॅडम? मी तीस वर्षं यांना ट्रेमध्ये निजवतेय, एकही असा निजला नाही. सतरा नंबर मी बदलला म्हणता. मग हे अख्खं कुळ काय रात्रीतून कूस बदलून झोपलं?"

मॅडमनी हातातला झेरॉक्सचा कागद सरळ केला. त्या खिडकीपाशी गेल्या, तो काचेवर उलटा धरला, शाईची बाजू बाहेर, आणि पाठीमागून बघू लागल्या. मग मला तिथे नेलं. मला कुणी उचलून खिडकीत नेलं की माझा जीव वरखाली होतो, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

"शेपटीला इथे खाच आहे," त्या म्हणाल्या. "चित्रातही इथेच. तिसऱ्या काट्याचं टोक मोडलंय. चित्रातही मोडलंय. गालावर हा गळाचा व्रण..." त्यांनी कागद खाली घेतला. "साहेब, हाच आहे तो मासा. चित्र उलटं आहे."

मामा खाली स्टुलावर बसले. बसले म्हणजे टेकलेच. "सर म्हणाले होते, पुस्तकातले सगळे मासे डावीकडे तोंड केलेले हवेत," ते म्हणाले. "माशांची चित्रं तशीच काढायची रीत आहे. जे उजवीकडे तोंड करून असायचे त्यांचा कागद मी पालथा करून दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायचो. बांगड्याबिंगड्याचं काही बिघडत नाही, त्याच्या दोन्ही कुशी सारख्या. चपट्याचं मला सुचलंच नाही."

"आणि डाव्या-उजव्यांची यादी?" मॅडमनी विचारलं.

"ती सरांनी अंथरुणात पडल्या पडल्या केली, माझ्या चित्रांवरून. उजव्या कुळांची नावंच त्यांना पाठ होती, ती बरोबर लिहिली. या सतरा नंबरचं मात्र चित्र बघून लिहिलं. बरण्या बघायला ते येणार होते कुठे?"

साहेबांनी पत्र घडी करून खिशात घातलं. मॅडमनी बाईंचे दोन्ही हात धरले, माझं चुकलं म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. मग साहेब आणि मॅडम बाहेर गेले. मामा मागे राहिले. मला पुन्हा मांडणीवर ठेवलं होतं, आणि पुढचं सगळं माझ्या आंधळ्या कुशीकडे घडलं. मी फक्त ऐकलं.

"बाई," मामा म्हणाले, "बरणी माझ्या कोपराने फुटली होती. तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही तेव्हा घाबरला होतात. मेहुण्यांचा राग तुम्हाला ठाऊक होता, मलाही ठाऊक होता. कुणाला सांगू नका, मी बघते, असं मी म्हटलं होतं. मग सांगणार कशी?"

"पण आज तरी..."

"आज तुम्ही सांगाल असं वाटलं होतं."

मामांची काठी टेकत टेकत दाराकडे आली. मी त्यांचा चेहरा बघितला आणि डोळे मिटावेसे वाटले. आम्हाला पापण्या नसतात.

दुसऱ्या दिवशी साहेब हसत हसत आले. "बाई, झालं गेलं गंगेला मिळालं. ही घ्या तुमची किल्ली. कामाला लागा नेहमीसारख्या."

बाईंनी किल्ली घेतली नाही. "माझं कुणावर काही म्हणणं नाही, साहेब. चूक झाली, कळली, संपलं. पण चार दिवस मी त्या बाकावर बसले आणि माणसं माझ्या पिशवीकडे बघत गेली. इतकी वर्षं त्या पिशवीत मी डबा आणला. आता इथे झाकण उघडताना माझा हात थरथरेल. मला वाटेल, मागून कुणीतरी बघतंय."

मागून बघत तर मीच होतो. डोळे नव्हते त्या बाजूला, तरी बघत होतो. मामा एकदा खोटं बोलले, मॅडमनी चार दिवस संशय घेतला, साहेबांनी एक पत्र टाइप करून आणलं. मी एकतीस वर्षं रोज घेतला. ज्या बाईने माझ्या बरणीत दर महिन्याला भर घातली, माझी शेपूट सरळ केली, दुसऱ्याचा दोष पदरात घेऊन तोंडातून ब्र काढला नाही, तिला मी चोर म्हणत राहिलो. त्या चौकशीत मला वाचा फुटली असती ना, तर मी तिच्या विरुद्ध साक्ष दिली असती. छातीठोक दिली असती. मी ऐकलंय म्हणालो असतो. आणि सगळ्यांनी मानलं असतं, कारण मी मूळचा मासा, मी खोटं कशाला बोलेन! या विचाराने मला लाज वाटते. माशाला लाज वाटते, लिहून घ्या कुठेतरी.

बाई काम सोडून गेल्या त्याला आता पाच महिने झाले. पुस्तकात एक चिठ्ठी चिकटवली आहे म्हणे, चित्रं उलटी आहेत अशी. मॅडमच्या मोजदादीत मी उजव्यांत गेलो. सगळ्यांचं सगळं नीट झालं. फक्त दोनशे चौदा बरण्यांची झाकणं पाच महिन्यांत कुणी उघडली नाहीत.

आता तुम्ही किल्ली घेऊन आलात. तुमच्यावर संशय घ्यायला माझ्याकडे भरपूर कारणं आहेत. आल्यापासून तुम्ही दोनदा घड्याळ बघितलंत, आणि माझ्या शेजारच्या बरणीवर कोपर टेकवलंत. पण मी म्हणणार नाही काही. मला आता स्वतःच्या संशयाचाच भरवसा राहिलेला नाही.

एक काम मात्र करा. बाईंचं घर इथून लांब नाही, शिपायाला विचारा, तो पत्ता देईल. त्यांच्याकडे जा. झाकण कसं लावायचं, व्हॅसलिन किती फासायचं, ते शिकायला आलोय म्हणा. मॅडम दोनदा जाऊन आल्या माफी मागायला, मामा एकदा. माफीसाठी त्या यायच्या नाहीत, माफी त्यांनी केव्हाच देऊन टाकलीय. तुम्ही तसलं काही बोलू नका. एवढंच सांगा की सतरा नंबरचं स्पिरिट खाली गेलंय, वरचा डोळा उघडा पडलाय. मग त्या चप्पल घालतील.

आणि त्या आल्या, टेबलापाशी गेल्या, की तुम्ही बाहेर बाकावर बसा. कुणी विचारलं, आत एकट्या बाई काय करतायत, तर सांगा, काम करतायत. आत डोकावू नका. त्यांच्यावर लक्ष ठेवायची काही गरज नाही.